पहिली तार पुन्हा पुन्हा तुटते, ट्रेमोलो वापरला की गिटार बेसूर होते: दोष नेमका कुठे शोधायचा

तार तुटली की तिचे दोन्ही तुकडे जपून ठेवा. बहुतेक जण तुटलेली तार गुंडाळून कचऱ्यात टाकतात, नवी चढवतात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तिथेच येऊन पोचतात. मीही हेच केलं आहे. माझ्या ट्रेमोलोवाल्या, म्हणजे ब्रिजला जोडलेला दांडा दाबून सूर वरखाली करता येतो अशा गिटारची पहिली तार, म्हणजे सगळ्यात बारीक ई, सव्वा महिन्यात चार वेळा तुटली. आधी तारांचा ब्रँड बदलला, मग जाडी बदलली, मग तार छेडायचं मऊ पिक घेतलं आणि शेवटी चांगल्या चालत्या खुंट्या काढून नव्या बसवल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चौथ्यांदा तार तुटली तेव्हा आधीचीही एक खणात राहिलेली सापडली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, तर मण्यापासून, म्हणजे तारेच्या टोकाच्या छोट्या गोळीपासून, अगदी सारख्या अंतरावर तुटलेल्या. ते अंतर ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा अडकतात त्या भागावर, लावून बघितलं, ते थेट सॅडलच्या, म्हणजे तार टेकते त्या तुकड्याच्या, माथ्यावर आलं. कान साफ करायची कापसाची काडी त्या सॅडलवरून फिरवली आणि कापसाचे दोन तंतू अडकून राहिले. डोळ्यांना न दिसणारं धातूचं एक कुसळ होतं. पॉलिश पेपर घेऊन दहा मिनिटांत ते गेलं. खुंट्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

बेसूर होण्याचंही असंच आहे. ‘गिटार सुरात राहत नाही’ ही तक्रार फार मोघम आहे. किती तारा बिघडतात, आणि बिघडतात म्हणजे चढतात की उतरतात, एवढं नीट पाहिलं तर दोषाची जागा जवळजवळ ठरून जाते. खरेदीचा प्रश्न त्यानंतरचा.

नावांचा घोळ आधी मिटवू. नट म्हणजे बोल्टवर बसतो तो नव्हे. मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, सहा खाचांची जी पट्टी असते ती. सॅडल म्हणजे ब्रिजवरचे ते सहा छोटे तुकडे, ज्यांच्यावर तार टेकते. ब्रिजच्या खाली गिटारच्या पोटात जाणारा धातूचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याला मागून स्प्रिंगा लागतात आणि त्या स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकतात तिला क्लॉ म्हणतात. आणि ट्रेमोलो हे नावच मुळात चुकीचं आहे. संगीतात ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा लहानमोठेपणा. सूर वरखाली होतो तो व्हायब्रेटो. लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटार आणली तेव्हा तिच्या ब्रिजला ट्रेमोलो म्हटलं, आणि त्यांच्याच कंपनीच्या अँप्लिफायरवर आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणाला व्हायब्रेटो. तेव्हापासून सगळं जग उलटं बोलतं आहे, आपणही तसंच बोलू.

तार कुठे तुटली?

सॅडलवर तुटली असेल तर कारण नव्वद टक्के त्या सॅडलमध्येच असतं, असं मी बेधडक म्हणेन. साध्या पोलादी तारेला धारदार कडेवर वाकवून वरून सतत हलवत राहिलं की ती तिथे थकते. हातात तारेचा तुकडा घेऊन एकाच जागी दहा वेळा वाकवला तर तुटतो, तेच इथे फार सावकाश घडतं. स्थिर ब्रिजवर तार सॅडलपाशी फारशी हलत नाही. ट्रेमोलोवर दांडा दाबला की अख्खा ब्रिज तिरका होतो, तारेचा सॅडलवरचा कोन बदलतो, ताण सुटतो आणि परत येतो. म्हणून जे कुसळ साध्या ब्रिजवर सहा महिने खपून जातं, ते ट्रेमोलोवर तीन आठवड्यांत तार तोडतं.

उपाय सांगतो, पण त्याआधी पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या तारांखालच्या चुंबकी भागांवर, कागदी चिकटपट्टी लावा. सॅडल घासताना पोलादाची बारीक पूड पडते, पिकअपच्या चुंबकांना ती चिकटते आणि मग निघता निघत नाही. तार सैल करून बाजूला घ्या. ८०० नंबरचा पॉलिश पेपर बारीक गुंडाळून तारेच्याच दिशेने सॅडलच्या माथ्यावर हलक्या हाताने फिरवा, मग १००० किंवा १२०० नंबरचा. काम कड मारण्याचं आहे, खाच खोल करण्याचं नाही. मध्ये मध्ये कापसाची काडी फिरवून बघा. तंतू अडकायचे थांबले की थांबा. शेवटी टेकायच्या जागी व्हॅसलिनचा अगदी ठिपका. जुन्या धर्तीच्या, पत्रा वाकवून केलेल्या सॅडलमध्ये तार एका फटीतून वर येते. तिथे त्या फटीची कडही बघा आणि खाली ब्रिजच्या धातूच्या प्लेटच्या भोकाची कडही. कधी कधी सॅडल मागेपुढे करणाऱ्या स्क्रूला तार चाटून जाते, तेही डोळ्यांखालून घाला.

मण्यापाशी तुटली, म्हणजे तारेच्या टोकाला जो छोटा मणी असतो त्याच्या लगतच्या पिळात, तर गोष्ट वेगळी. हा पीळ म्हणजे तार स्वतःभोवतीच गुंडाळून केलेली गाठ. ती ब्लॉकच्या आत, सरळ भागात राहिली तर काही होत नाही. मणी ब्लॉकमध्ये वर बसत असेल तर पीळ प्लेटच्या कडेपर्यंत पोचतो आणि नेमका तिथे वाकतो. नवी तार घालताना मणी शेवटपर्यंत बसलाय ना, हे तार हाताने ओढून बघा. अर्धवट अडकलेला मणी नंतर दांडा वापरताना ‘टक’ करून जागेवर जातो आणि तार अर्धा स्वर उतरते. हा दोष शोधताना लोक वेडे होतात. पिळावर आणखी एक वेष्टण दिलेल्या साध्या तारा मिळतात. ब्लॉकच बदलायचा नसेल तर त्या वापरून बघायला हरकत नाही.

खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड धारदार आहे, किंवा तार गुंडाळताना तिला टोकदार दुमड पडली आहे. नटपाशी तुटणं कमी आढळतं. झालं तर खाच तारेला चिमटीत धरते आहे असं समजा. आणि तार मध्येच कुठेतरी, फ्रेटांच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, वर तुटली तर तार जुनी झालीय, गंजलीय किंवा चढवतानाच तिला पीळ पडला होता. इथे ब्रिजला दोष देऊ नका.

पहिलीच तार का?

‘बारीक असते म्हणून’ हे उत्तर सगळे देतात आणि ते चुकीचं आहे. थोडं गणित करू, फार नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक गिटारींवर तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर असते. तिच्यावर ०.०१० इंचाची पहिली तार ई सुराला लावली की तिला सुमारे ७.४ किलोचं ओझं पेलावं लागतं, ०.००९ इंचाची असेल तर सुमारे ६ किलोचं. म्हणजे बारीक तारेवर ओझंही कमी. तारेच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरवर किती ओझं येतं ते काढलं तर दोन्हींचं उत्तर एकच, साधारण १४५ किलो. जाडी गणितातून उडूनच जाते. तेवढ्याच लांबीच्या साध्या पोलादी तारेला तोच सूर काढायचा तर तिला तितकंच ताणावं लागतं, मग ती जाड असो की बारीक.

हाच आकडा दुसऱ्या तारेसाठी, बी सुराला, ८२ च्या आसपास येतो आणि तिसऱ्या साध्या तारेसाठी, जी (G) सुराला, ५० च्या आसपास. पहिली तार तुटते ती सगळ्यात जास्त ताणलेली असते म्हणून. अशा बारीक पोलादी तारेची तुटायची मर्यादा २४० च्या वर असते, तेव्हा निव्वळ ई सुराला ती आरामात असते. पूर्ण स्वराचा बेंड केला, म्हणजे तार बोटाने आडवी ओढून सूर तेवढा चढवला, की आकडा १८३ च्या घरात जातो, दीड स्वराचा केला की २०५ च्या पुढे. त्यात सॅडलच्या धारेवर वाकण्याचा ताण मिळवा, म्हणजे कुठे तुटणार ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ‘तारा तुटतात, जाड सेट लाव’ हा सल्ला जितका शहाणपणाचा वाटतो तितका नाही. धारदार कडेवर जाड तार वाकवली तर तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर उलट जास्तच ताण पडतो. जाड सेट लावायचा तर आवाजासाठी किंवा हाताला बरा वाटतो म्हणून लावा. आणि लावलात की नटच्या खाचा आणि स्प्रिंगा या दोन्हींचा हिशोब पुन्हा करावा लागेल, ते खाली येतंच आहे.

चढली की उतरली

आता सुराचं बघू. सूर दाखवणारा ट्यूनर जोडा, सहाही तारा नीट लावा. कागद-पेन्सिल घ्या, कारण लक्षात राहत नाही. पहिली चाचणी: दांडा तारा सैल पडेपर्यंत खाली दाबा, हळू सोडा आणि एकेका तारेची सुई बघा. दुसरी: ब्रिज तरंगता, म्हणजे बॉडीला न टेकता राहणारा, असेल तर दांडा वर ओढून सोडा, पुन्हा बघा. तिसरी: दांड्याला हात न लावता प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर पूर्ण स्वर बेंड करा, सोडा, बघा. प्रत्येक चाचणीआधी तारा परत लावायला विसरू नका.

दांडा खाली दाबून सोडल्यावर एखाददुसरीच तार बिघडली आणि ती चढलेली असेल, तर नट किंवा नटच्या मागे, खुंटीच्या बाजूला, तार दाबणारी छोटी क्लिप तिला अडवते आहे. कारण सरळ आहे. दांडा दाबल्यावर तार सैल होते, तेव्हा खुंटीकडचा ताणलेला भाग तिला थोडी आपल्याकडे ओढून घेतो. दांडा परत आला की तेवढी तार नटमधून मागे सरकली पाहिजे. खाच घट्ट असेल तर ती अडकते, मोकळ्या भागात तार कमी पडते, म्हणून सूर चढतो. बेंडमध्ये याच्या उलट घडतं. बेंड करताना तार नटमधून ब्रिजकडे ओढली जाते, सोडल्यावर परत जात नाही, म्हणून सूर उतरतो. खात्री करायची असेल तर चढलेली तार बोटाने जरा वर ओढा. सुई जागेवर आली तर दोष तिथेच. बेंडनंतर उतरलेली तार नटच्या मागे, खुंटीच्या बाजूला, बोटाने दाबून सोडा. ती वर येईल.

दांडा खाली दाबून सोडल्यावर सहाच्या सहा तारा एकदम उतरलेल्या असतील आणि वर ओढून सोडल्यावर सहाही चढलेल्या असतील, तर नट निर्दोष आहे. ब्रिज स्वतःच आपल्या जागेवर परत येत नाहीये. घर्षण त्याच्या टेकूपाशी, म्हणजे तो ज्यावर डोलतो तिथे, आहे.

गंमत बघा: दांडा तोच, खाली दाबणंही तेच, पण नट अडला तर सूर चढतो आणि टेकू अडला तर उतरतो. म्हणून सुई कुठल्या बाजूला गेली ते लिहून ठेवा म्हटलं. नुसतं ‘बेसूर झाली’ एवढंच पाहून नटमध्ये ग्राफाइट (पेन्सिलीचं शिसं) भरत बसलेले आणि दोष टेकूत सापडलेले लोक मी पाहिलेत. उलटंही पाहिलंय.

तिसरा प्रकार: काहीही करा, एक तार प्रत्येक वेळी थोडी थोडी उतरतच जाते, कधी चढत नाही. ही तार कुठेतरी सरकते आहे. खुंटीवरचे वेढे, अर्धवट बसलेला मणी किंवा न ताणलेली नवी तार, यातलं एक.

नट

तार लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सुई एकदम उडी मारते का? मग बाकी चाचणी न करताही नटच्या खाचा आधी बघा. नऊच्या सेटवरून (पहिली तार ०.००९ इंचाची) दहाच्या सेटवर (पहिली तार ०.०१० इंचाची) गेल्यानंतर हे हमखास होतं, कारण खाचा जुन्या तारांच्या मापाच्या असतात. तार सैल करून खाचेतून बाहेर काढा, खाच सुक्या ब्रशने साफ करा, मऊ शिशाच्या पेन्सिलीचं टोक आत घासा आणि तार परत ठेवून चाचणी करा. निम्म्या गिटारींचं एवढ्यावर भागतं. ज्यांचं महिनाभर भागतं आणि पुन्हा सुरू होतं, त्यांची खाच खरंच अरुंद आहे.

रुंद करायची तर बारीक पॉलिश पेपर तारेच्या एका जुन्या तुकड्यावर गुंडाळून खाचेच्या भिंती घासायच्या, तळ नाही. खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला हवा, आणि तार खाचेत साधारण अर्धी बुडेल इतपतच खोली पुरते. आधी एक तपासणी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते बघा. कागदाच्या जाडीएवढी फट असली तर ठीक. तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर तळाला हात लावू नका. मी एकदा उत्साहाच्या भरात तिसऱ्या तारेची खाच खोल करून ठेवली आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरायला लागली. खाण्याच्या सोड्याची चिमूट खाचेत भरून त्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकला की ती दगडासारखी घट्ट होते, मग पुन्हा नव्याने खाच काढता येते. माझी तशी दोन वर्षं चालली. तरी ती वेळ न आणलेली बरी.

पहिल्या दोन तारांना खाली दाबणारी क्लिप असते तिथेही तेच ग्राफाइट लावा. क्लिप फारच खाली दाबत असेल तर तिच्याखाली छोटा स्पेसर टाकून ती किंचित वर घ्या. घर्षण कमी असलेल्या पदार्थाचे नट मिळतात, रोलरवाले नटही मिळतात आणि ते खरोखर चांगले असतात. पण हाडाचा किंवा साधा प्लॅस्टिकचा नट, खाचा नीट कापलेल्या असतील तर, ट्रेमोलोसाठी नालायक अजिबात नसतो.

टेकू

ब्रिज दोन प्रकारे टेकलेला असतो. जुन्या पद्धतीत पुढच्या कडेला सहा स्क्रू, नव्या पद्धतीत दोन खांब आणि त्यांच्यावर टेकणाऱ्या सुरीसारख्या दोन कडा.

सहा स्क्रूंचा ब्रिज सुरात परत येत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणीतरी ‘सैल दिसतात’ म्हणून ते सहाही कचकचून आवळलेले असतात. ब्रिजला डोलायला जागाच उरत नाही. तारा पूर्ण सैल करा. एकेक स्क्रू इतका आवळा की प्लेटची मागची कड उचलायला लागेल, मग अर्धा आटा उलटा फिरवा. दोन टोकांच्या स्क्रूंनी भार घ्यावा, मधले चार किंचित आणखी वर ठेवले तरी चालतात. ते ब्रिज निसटू नये म्हणून आहेत असं धरा. प्लेट स्क्रूला जिथे टेकते तिथे ठिपकाभर व्हॅसलिन.

दोन खांबांच्या ब्रिजमध्ये एक नियम मोडायचा नाही: तारा पूर्ण ताणलेल्या असताना खांब फिरवून उंची बदलायची नाही. दहाच्या सेटच्या सहा तारा मिळून ४५ किलोपेक्षा जास्त ओढतात, आणि स्प्रिंगा तेवढ्याच ताकदीने विरुद्ध झुंजत असतात. त्या दाबाखाली खांब फिरवला की सुरीची धार खांबाच्या धातूवर घासून बोथट होते, किंवा खांबाला चरा पडतो. मग ब्रिज कधी चऱ्याच्या या बाजूला थांबतो, कधी त्या बाजूला, आणि सहा तारा कधी एकत्र चढतात, कधी उतरतात. भिंगातून कडा बघा. चमकदार सपाट पट्टा किंवा खड्डा दिसला तर वंगणाने फारसं साधणार नाही. खांब बदलणं त्यातल्या त्यात सोपं.

गिटारच्या मागचं झाकण काढून स्प्रिंगा खोबणीच्या भिंतीला घासत नाहीत ना, हेही पाहून घ्या. आणि क्लॉला डाखलेली एक वायर दिसेल, ती अर्थिंगची असते. क्लॉचे स्क्रू फिरवताना ती तुटली तर गिटार हं-हं करायला लागेल आणि तुम्ही बिचाऱ्या पिकअपवर संशय घ्याल.

एक तार उतरतच जाते तेव्हा

नव्या तारा ताणल्या नाहीत तर कुठलाच ब्रिज सुरात राहणार नाही. तार बाराव्या फ्रेटपाशी बोटांनी फ्रेटबोर्डापासून वर ओढा, सोडा, पुन्हा लावा. उतरणं थांबेपर्यंत करा; पहिल्या तारेशी जरा हलक्या हाताने. खुंटीवर बारीक तारांना तीन-चार वेढे, जाड तारांना दोन-तीन, वरून खाली उतरत जाणारे, एकमेकांवर न चढलेले. आठ-आठ वेढे घातले की दांडा वापरताना ते सैल-घट्ट होत राहतात. तार पकडून ठेवणाऱ्या खुंट्या असतील तर पूर्ण एक वेढाही लागत नाही. लावताना सूर नेहमी खालून वर आणा. पुढे गेलात तर खाली येऊन पुन्हा वर या. खुंटीचा स्वतःचा नट (हा मात्र बोल्टवरचा) आणि मानेचे स्क्रू सैल नाहीत ना, हेही एकदा पाहा. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात आणि यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तरंगता ब्रिज: जे दोष वाटतात पण नाहीत

तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. एक तार बेंड केली की बाकीच्या उतरतात. मनगट ब्रिजच्या मागच्या कडेवर टेकलं की सूर चढतो. एक तार लावली की आधी लावलेल्या सरकतात. हे सगळं असंच असतं. तारांची ओढ आणि स्प्रिंगांची ओढ यांच्यामध्ये ब्रिज तराजूच्या दांडीसारखा थांबलेला असतो. एका पारड्यात काहीही कमीजास्त झालं की दांडी हलणारच. दुरुस्त करण्यासारखं इथे काही नाही, सवय करून घ्यायची.

तराजू बिघडतो तो सेट बदलल्यावर. नऊच्या सेटची एकूण ओढ ३८ किलोच्या आसपास, दहाच्या सेटची ४५ च्या वर. त्याच स्प्रिंगांवर जाड सेट लावला की ब्रिज मागून उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डापासून वर जातात आणि लोक मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई फिरवायला लागतात. मानेला हात लावू नका. प्लेटच्या मागच्या कडेखाली, ती आणि गिटारची लाकडी बॉडी यांच्यामध्ये, साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या जुन्या कार्डांची चळत ठेवा. क्लॉचे दोन्ही स्क्रू आवळत जा, प्लेट चळतीवर घट्ट बसेपर्यंत. आता ब्रिज हलत नाही, त्यामुळे सहाही तारा एकाच फेरीत लागतात. लावून झाल्या की क्लॉचे स्क्रू पाव-पाव आटा सैल करा. चळत अलगद सुटून हातात आली की थांबा. सूर जिथे होता तिथेच राहिलेला दिसेल. तारा बदलतानाही हीच चळत वापरा, नाहीतर एकेक तारच बदला.

स्प्रिंगा तीन लावायच्या की पाच, यावर पुष्कळ वाद चालतो. तराजू सावरायला एकूण ओढ तेवढीच लागते. तीन असतील तर प्रत्येक जास्त ताणलेली, पाच असतील तर कमी. पाच स्प्रिंगांवर दांडा जड लागतो आणि बेंडमध्ये बाकीच्या तारा कमी उतरतात, तीनवर दांडा हलका चालतो. हातावर ठरवा.

दांडा वर ओढायची गरजच नसेल तर ब्रिज बॉडीवर टेकवून टाका: क्लॉ इतका आवळा की बेंड करतानाही प्लेट उचलणार नाही. दांडा खाली तेवढा चालतो, तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात. दांडा मुळीच लागत नसेल तर ब्लॉकच्या मागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज कायमचा थांबवतात. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या स्ट्रॅटोकास्टर अशाच बंद केलेल्या असायच्या, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

नट लॉक होणारा ब्रिज

फ्लॉइड रोझ यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी तार नटपाशीच आवळून टाकायची युक्ती काढली आणि वर लिहिलेला नटचा अख्खा भाग त्या गिटारींपुरता निकालात काढला. तार दोन्ही टोकांना पकडलेली, सरकणार कुठे? तरीही या ब्रिजवर तारा तुटतात, आणि जवळजवळ नेहमी सॅडलच्या चिमट्यात. तिथे मणी कापून टाकून तारेचं टोक एका छोट्या ठोकळ्याने आवळलेलं असतं. सुटू नये या भीतीने लोक षटकोनी चावीवर जोर काढतात आणि तार चेपते. चेपलेल्या जागीच ती तुटते. ठोकळा बाहेर काढून बघा. त्याच्या तोंडावर तारेचा खोल ठसा उमटला असेल तर तो बदला, नाहीतर तार तिथून सरकते तरी किंवा तुटते तरी. सहाही तारा एकदम बिघडत असतील तर इथेही संशय सुरीच्या कडांवरच घ्यायचा.

आणखी एक तक्रार हमखास येते: नट आवळला की सगळ्या तारा चढतात. नटच्या मागे तारांवरून जाणारी एक आडवी सळई असते. ती तारांना पुरेसं खाली दाबत नसेल तर तारा नटवर अधांतरी राहतात आणि आवळताना खाली खेचल्या जातात. सळईचे दोन स्क्रू आवळून तारा नटच्या उताराला पूर्ण टेकतील इतकी ती खाली घ्या. फाइन ट्यूनर, म्हणजे ब्रिजवरचे सूर किंचित हलवणारे छोटे स्क्रू, आधी मधोमध आणून ठेवा, खुंट्यांनी तारा लावा, ताणा, पुन्हा लावा, आणि नट सगळ्यात शेवटी आवळा. त्यानंतर सुई दोन-चार सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट) इकडेतिकडे गेली तर ती फाइन ट्यूनरने परत आणता येते.